अंगण ते एसटी स्टँड: दृष्टिबाधित लेकरांना एकट्यानं चालायला कसं शिकवायचं

लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. पाढे तोंडपाठ, कविता चालीत म्हणायची, ब्रेलही भराभर वाचायची. पहिल्या भेटीत मी तिला म्हटलं, "बाळा, जा, पाणी पिऊन ये." ती उठली आणि हात पुढं करून तिथंच उभी राहिली. कोणीतरी येऊन हात धरेल याची वाट बघत. तिच्या बाकापासून नळ अठरा पावलांवर होता. चार वर्षं ती त्याच शाळेत येत होती, आणि नळ कोणत्या बाजूला आहे हे तिला ठाऊक नव्हतं. वर्गातल्या मुली मायाळू होत्या. ती उठली की दोघीतिघी धावत यायच्या. घरी आई, वाटेत भाऊ, शाळेत मैत्रिणी. तिच्या पायांवर वाट शोधायची वेळच कधी आली नव्हती.

फिरता विशेष शिक्षक म्हणून मराठवाड्यातल्या गावांत, तांड्यांवर, वस्त्यांवर जाताना असं लेकरू मला वारंवार भेटलं. म्हणून हे लिहितो आहे, शाळेतल्या गुरुजींसाठी, बाईंसाठी आणि घरच्या माणसांसाठी. या विषयाला 'दिशाज्ञान आणि चलनवलन' म्हणतात. नाव जड आहे, पण त्यात प्रश्न दोनच आहेत: मी आत्ता कुठं आहे? आणि मला जायचंय तिथं मी कसा पोचू? डोळस मूल हे बघून बघून आपोआप शिकतं. दृष्टिबाधित मुलाला ते क्रमानं हाती द्यावं लागतं.

आधी बघा: मुलाला किती दिसतं, आणि कधी

'आंधळं लेकरू' म्हटलं की लोकांना पूर्ण काळोख वाटतो. पुष्कळ मुलांना थोडं तरी दिसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चांगल्या डोळ्याची, चष्मा लावूनही, नजर ३/६० पेक्षा (म्हणजे डोळसाला साठ मीटरवरून दिसतं ते तीन मीटरवरून दिसण्यापेक्षा) कमी असेल किंवा नजरेचा आवाका १० अंशांपेक्षा कमी असेल तर ते अंधत्व धरलं जातं. नजर ६/१८ ते ३/६० च्या दरम्यान किंवा आवाका ४० ते १० अंशांच्या दरम्यान असेल तर अल्पदृष्टी. प्रमाणपत्रासाठी हे आकडे हवेतच, पण मूल कसं चालेल हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मुलाच्या मागं चालावं लागतं.

तीन वेळा पाहा. सकाळच्या तिरप्या उन्हात, भर दुपारी आणि दिवेलागणीला. काही मुलांच्या दृष्टिपटलाचा आजार असा असतो की दिवसा ती मैदानात पळतात, आणि संध्याकाळी घरच्या उंबऱ्याला ठेचकाळतात. घरचे म्हणतात, नाटकं करतंय. ते नाटक नसतं. आधी रातांधळेपणा येतो आणि मग नजरेचा आवाका कडेकडेनं मिटत जातो, नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं. आपल्याकडं मामा-भाची, आते-मामे भावंडांत लग्नं होतात, आणि असे काही आजार नात्यातल्या लग्नांत जास्त आढळतात. एका मुलात असं दिसलं तर धाकट्या भावंडांचीही तपासणी करून घ्या. याउलट ज्यांच्या कातडीत आणि केसांत रंगद्रव्य कमी असतं, त्या मुलांना दुपारचं ऊन सोसत नाही. वैशाखातलं आपलं ऊन तर डोळसालाही डोळे मिटायला लावतं. अशा मुलाला पुढं कड असलेली टोपी द्या, फळ्याजवळ पण खिडकीकडं पाठ करून बसवा, आणि चालण्याचे धडे सकाळी लवकर घ्या.

कान तपासून घ्यायला विसरू नका. साध्या सर्दीनं, कानातल्या मळानं ऐकू कमी आलं तरी या मुलाची निम्मी वाट बंद होते.

शरीर, डावं-उजवं आणि घरातली भाषा

चालायला शिकवण्याआधी मुलाला स्वतःचं अंग कळायला हवं. गुडघा, घोटा, कोपर, खांदा, पाठ, टाच. अंघोळ घालताना आईनं नाव घेत घेत पाणी घातलं तरी हा धडा होतो. मग डावं-उजवं. जेवायचा हात उजवा, हे प्रत्येक घरात पक्कं असतं, तिथूनच सुरू करा. त्यानंतर अवघड पायरी येते: समोर उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. मुलाला तुमच्या पाठीशी उभं करा, तुमचा उजवा हात त्याला चाचपू द्या, मग तुम्ही हळूहळू वळा आणि त्याचा हात तुमच्या हातावरच राहू द्या. वळणं त्याला हातातून कळतं. हे दोन-चार दिवसांत जमत नाही, महिनाही लागतो. लागू द्या.

घरातल्या सगळ्यांनी एक गोष्ट बदलायची आहे. 'इथं ठेवलंय', 'तिकडं जा', 'हे घे' हे शब्द या मुलाला काहीच सांगत नाहीत. 'तांब्या तुझ्या उजव्या गुडघ्याजवळ आहे', 'रांजणाच्या डाव्या अंगाला ये' असं बोला. आपल्या गावाकडं म्हातारी माणसं अजून 'उगवतीकडचं कवाड', 'मावळतीची भिंत' असंच बोलतात. ही बोली या मुलांसाठी सोन्यासारखी आहे. सकाळी परिपाठाला मूल उत्तरेकडं तोंड करून उभं असेल तर ऊन उजव्या गालावर लागतं. 'ऊन कुठल्या गालावर आहे?' हा प्रश्न रोज विचारला की दोन महिन्यांत मूल दिशा सांगायला लागतं. दुपारी ऊन डोक्यावर आलं की हा खुणेचा दगड चालत नाही, हेही त्याला सांगा.

आणि घरातल्या वस्तूंची जागा ठरवा. बादली, पाट, खाट रोज हलल्या तर मुलाच्या मनातलं घर रोज मोडतं. दार पूर्ण उघडं ठेवा किंवा पूर्ण लावा. अर्धवट उघड्या दाराची कड थेट कपाळावर बसते.

हात कोणी कोणाचा धरायचा

बहुतेक माणसं मुलाचं मनगट पकडून त्याला पुढं ओढतात, किंवा खांद्याला धरून ढकलत नेतात. ओढलं जाणारं मूल वाट शिकत नाही, नुसतं तोल सांभाळतं. रीत उलटी करायची. मूल तुमचा हात धरेल.

तुमच्या हाताची पालथी बाजू मुलाच्या हाताला हलकेच लावा. त्यावरून तो हात वर सरकवत तुमच्या कोपराच्या जरा वर पकडेल: अंगठा बाहेरच्या बाजूनं, चार बोटं आतून. लहान मुलाची उंची पुरत नाही, त्यानं मनगट किंवा दोन बोटं धरावीत. मूल तुमच्यापेक्षा अर्धं पाऊल मागं राहील. ते अर्धं पाऊलच सगळं सांगतं. तुम्ही वळलात, थांबलात, पायरी चढलात की तुमच्या अंगाची हालचाल आधी त्याच्या हातात पोचते आणि मग त्याचा पाय तिथं येतो.

बोळात किंवा दोन खाटांमधून जायचं असेल तर तो हात पाठीमागं घ्या. मुलाला शिकवा की हात पाठीमागं गेला म्हणजे आपण सरळ मागं यायचं आणि हात ताठ ठेवायचा. पायरी आली की कडेला थांबा, 'चढ' किंवा 'उतार' एवढं एका शब्दात सांगा, मग पहिलं पाऊल तुम्ही टाका. बसवताना मुलाला खुर्चीवर दाबू नका. त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर नेऊन ठेवा, बाकीचं तो करेल. सतरंजीवर बसायचं असेल तर पाय सतरंजीच्या कडेला लागू द्या.

वर्गातल्या सगळ्या मुलांना हे एका तासात शिकवून होतं. डोळ्यांवर रुमाल बांधून जोड्या लावा, पण आधी जागा मोकळी करा आणि प्रत्येक जोडीजवळ मोठं माणूस ठेवा. हा खेळ 'बिचारं' म्हणायला शिकवणारा होऊ नये. नीट सोबत कशी करायची, एवढंच त्यातून शिकवा. आणि दृष्टिबाधित मुलाला हेही वाक्य पाठ करून द्या: "हात सोडा, मी तुमचा हात धरते." मुलींना तर हे वाक्य फार लवकर आणि मोठ्यानं म्हणता आलं पाहिजे. मदतीच्या नावाखाली कोण कुठं हात लावतो हे तिला नको वाटलं तर नको म्हणायचा तिला हक्क आहे, आणि घरी येऊन सांगायचाही.

सोबतीशिवाय: बचाव आणि कड

आता खोलीच्या आत, हातात काही न घेता. तीन गोष्टी.

वरचा बचाव: एक हात खांद्याच्या उंचीवर आडवा पुढं, कोपरात थोडा वाकवलेला, तळवा बाहेरच्या बाजूला, बोटं पलीकडच्या खांद्यासमोर. यानं चेहरा आणि छाती वाचते. खालचा बचाव: दुसरा हात तिरका खाली, अंगापासून वीतभर पुढं, मांड्यांसमोर. टेबलाचा कोपरा, खाटेचा गात यानं वाचतो. दोन्ही हात सतत लावून चालायचं नसतं. धोका वाटतो तिथं तेवढ्यापुरतं.

कड धरून चालणं: भिंतीच्या बाजूचा हात कमरेइतका खाली आणि हातभर पुढं, बोटं किंचित आत मुडपलेली, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची पालथी बाजू भिंतीला टेकवून. बोटांची टोकं पुढं काढू नयेत. कुडाच्या, दगडी भिंतीच्या फटीत बोट अडकून दुखापत होते. आपल्याकडच्या भिंती याबाबतीत फार बोलक्या आहेत. जुनी दगडी भिंत, मातीचा गिलावा, नवं सिमेंट, पत्र्याचं कवाड: प्रत्येकाचा स्पर्श वेगळा, उन्हात तापणं वेगळं.

पाठ टेकवून नेम धरणं: मोकळ्या जागेतून सरळ जायचं असेल तर मुलानं भिंतीला पाठ, ढुंगण आणि टाचा टेकवाव्यात, अंग सरळ करावं आणि तिथून पाऊल टाकावं. तिरक्या सुरुवातीतून तिरकी वाट निघते. नळापर्यंतच्या अठरा पावलांत तिरकं गेलेलं मूल पार कुंपणाला जाऊन लागतं.

खाली पडलेली वस्तू शोधताना आधी आवाज कुठून आला तिकडं तोंड. मग गुडघ्यात वाकायचं, कंबरेत नाही, आणि एक हात कपाळासमोर. मग तळहात जमिनीवर ठेवून छोट्या गोलापासून मोठ्या गोलाकडं चाचपायचं. कंबरेत वाकणाऱ्या मुलांची कपाळं बाकाच्या कडेवर फुटलेली मी पाहिली आहेत.

वर्गापासून मुतारीपर्यंत

नवी जागा दाखवताना दार हा मुक्काम धरा. दारापासून निघून मूल भिंतीभिंतीनं पूर्ण खोली फिरून परत दारात येईल. प्रत्येक भिंतीला मुलानंच नाव द्यावं: फळ्याची, खिडक्यांची, कपाटाची, दाराची. दुसऱ्या दिवशी समोरासमोरच्या भिंतींमधून आडवं चालायचं, म्हणजे मधले बाक कळतात. मग तुम्ही विचारा: कपाटाकडून खिडकीकडं जायचं तर? त्यानं बोलून सांगितलं आणि मग चालून दाखवलं, तर खोली त्याच्या मनात बसली.

इथं दोन शब्द वेगळे ठेवायला शिकवा. पक्की खूण आणि हलती खूण. पायरी, खांब, हौदाचा काठ, लिंबाचा पार या पक्क्या खुणा; त्या उद्याही तिथंच असतात. खिचडीचा वास, गिरणीचा आवाज, वर्गातला गलका या हलत्या खुणा; त्या मदत करतात, पण त्यांच्या भरवशावर वळण घेऊ नये. पिठाची गिरणी वीज गेली की गप्प होते, आणि आपल्याकडं वीज किती वेळा जाते हे मी सांगायला नको.

रस्ता तुकड्यांत शिकवा. पहिला रस्ता सरळ: वर्गाच्या दारापासून नळापर्यंत. दुसरा एक वळण असलेला: दारापासून ऑफिसपर्यंत. मग दोन वळणांचा: मुतारीपर्यंत. प्रत्येक रस्ता जाताना जमला की येतानाही जमला पाहिजे, कारण परतीला सगळं डावं-उजवं उलटतं. जाताना जमलेलं मूल येताना चुकतं तेव्हा बाईंना वाटतं त्यानं लक्ष दिलं नाही. तसं नसतं, परतीची वाट हा वेगळाच धडा असतो.

पण वळणं दोन असली तरी मुतारीचा रस्ता शेवटी ठेवू नका. मी तो नळानंतर लगेच घेतो. मुतारीला कोणाला तरी विचारून जावं लागतं म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली या जिल्ह्यांत आहेत. आत पायरी कुठं, भांडं कुठं, कडी कोणत्या हाताला, पाण्याची बादली कुठं हे बाईंनी मुलीला सावकाश हातानं दाखवावं, शाळा सुटल्यावर, घाई नसताना.

नकाशा लाकडी पाटावर करा. सुतळी चिकटवून भिंती, चिंचोके म्हणजे बाक, काडेपेटी म्हणजे ऑफिस, कणकेचा गोळा म्हणजे हौद. पाट मुलासमोर शाळेच्याच दिशेला वळवून ठेवा. पाट फिरला तर डोक्यातली शाळाही फिरते. अल्पदृष्टीच्या मुलासाठी पायऱ्यांच्या कडांवर पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारा. ग्रामपंचायतीला एक छोटा डबा जड नाही.

कान, नाक, तळपाय

भिंतीजवळून चालताना आणि दारासमोर आल्यावर आवाज बदलतो. टाळी वाजवून किंवा जीभ टाळूवर आपटून मुलाला हा फरक ऐकवा: आधी मोकळ्या मैदानात, मग भिंतीपासून दोन पावलांवर, मग कोपऱ्यात. लहान मुलं हे खेळासारखं उचलतात. खेळ म्हणजे खेळच ठेवा. प्लास्टिकच्या कॅरीबॅगमध्ये चेंडू बांधला की तो घरंगळताना खुळखुळतो. दोन झाडांमध्ये कमरेइतक्या उंचीवर दोरी ताणा, तिच्यात एक कडी घाला आणि मुलाला कडी धरून पळू द्या. दोन्ही टोकांना झाडाआधी दोन पावलांवर गाठ मारा म्हणजे थांबायचं कळेल. आयुष्यात कधी न पळालेलं मूल पहिल्यांदा असं पळतं तेव्हा त्याचा चेहरा बघा. पळण्यानं पावलं उचलली जातात, मान वर येते. नुसतं घासत, मान खाली घालून चालण्याची सवय व्याख्यानानं सुटत नाही.

डीजे, भोंगे आणि पत्र्यावरचा पाऊस या तिन्हींत कान निकामी होतात. वरात निघाली असेल त्या दिवशी एकट्यानं चालण्याचा धडा नको.

पांढरी काठी

१९२१ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज या छायाचित्रकारानं, अपघातात दृष्टी गेल्यावर, गाड्यांना आपण दिसावं म्हणून आपली काठी पांढरी रंगवली. काठीनं वाट तपासत चालण्याची शास्त्रशुद्ध रीत दुसऱ्या महायुद्धात आली, दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी. अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूव्हर यांनी ती बसवली. म्हणजे ही रीत मोठ्या माणसांसाठी घडली होती, आणि बराच काळ मुलांना काठी उशिराच दिली जाई. माझं मत उलट आहे. मूल बालवाडीत असेल तरी त्याच्या उंचीची काठी त्याला द्यावी. आधी ते ती नीट धरणार नाही, आपटेल, घासेल. तरी पुढं काय आहे हे त्याला पायाआधी काठीतून कळतं, हेच मोठं शिक्षण आहे.

उंची: मूल ताठ उभं असताना काठी छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत यावी. भरभर चालणाऱ्या मुलाला हनुवटीपर्यंतची लांब काठीही चालते. वाढत्या वयात दरवर्षी मोजा. गेल्या वर्षीची आखूड काठी घेऊन मूल वाकून चालायला लागतं आणि आपल्याला वाटतं त्याची चालच तशी आहे. काठी घरची बांबूची करू नये असं नाही, पण ती जड असते, घडी होत नाही आणि गाडीवाल्याला ओळखू येत नाही. दिव्यांगांना साहित्य देणाऱ्या केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेतून आणि 'समग्र शिक्षा' या सरकारी शालेय योजनेच्या साहित्य वाटप शिबिरांतून घडीची काठी मिळते. त्यासाठी गट साधन केंद्रात नाव नोंदवा. मोठ्या विद्यार्थ्यांसाठी दिल्लीच्या आयआयटीनं काठीवर बसवायचं एक यंत्र काढलं आहे, ते गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा ध्वनिलहरींनी ओळखून मुठीत थरथरतं. पण साधी काठी पक्की झाल्यावर ते.

पकड: मूठ बेंबीसमोर, तर्जनी काठीच्या दांड्यावर सरळ, हालचाल फक्त मनगटातून. काठीचं टोक दोन्ही खांद्यांच्या जरा बाहेरपर्यंत कमानीत फिरतं, जमिनीपासून बोटभरच वर उचललं जातं. उजवा पाय पुढं जातो तेव्हा टोक डाव्या बाजूला टेकतं, डावा पाय पुढं जातो तेव्हा उजव्या. म्हणजे पुढचं पाऊल जिथं पडणार ती जागा काठीनं आधीच तपासलेली असते. हा ताल मुलांना लेझीमच्या तालावर लवकर येतो: 'एक' ला पाय, त्याच वेळी पलीकडं टोक. लहान मुलांना आणि खडबडीत वाटेवर टोक न उचलता जमिनीवरच सरकवत न्यायची रीत सोपी पडते, मी तिथूनच सुरू करतो.

पायऱ्या उतरताना काठीनं पायरीची कड शोधायची, थांबायचं, पाय कडेपर्यंत आणायचा, काठी खालच्या पायरीवर टेकवून खोली मापायची आणि मगच पाऊल. चढताना काठी खालच्या बाजूला धरून जवळजवळ उभी करायची. टोक पुढच्या पायरीला टक् टक् लागत राहतं, लागायचं थांबलं की पायऱ्या संपल्या.

काठी कंबरेच्या वरचं काही सांगत नाही, हे मुलाला आणि घरच्यांना दोघांना ठासून सांगा. उभ्या ट्रॉलीचं फाळकं, बैलगाडीचं जू, कपड्यांची तार, ओसरीच्या पत्र्याची कड, वाटेवर झुकलेली बाभूळ. त्या ठिकाणी एक हात वरच्या बचावात. आणि काठी धरून मुलाला कोणीही ओढू नये, वर्गातल्या मुलांनी तिच्याशी खेळू नये. ती त्याची नजर आहे. १५ ऑक्टोबरला पांढरी काठी दिन असतो. त्या दिवशी परिपाठात हे मुलाच्याच तोंडून वर्गाला सांगू द्या.

गावात: काळी माती, विहीर, नवं गावठाण

उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते आणि काठीचं टोक भेगेत अडकतं. मूठ पोटात खुपसते, म्हणून मूठ पोटाला टेकवून धरायची नाही, थोडी पुढं ठेवायची. पावसाळ्यात उलटं: चिखल टोकाला चिकटून काठीचा गोळा होतो. सोबत एक फडकं द्या, दर थोड्या अंतरावर टोक पुसायला शिकवा, आणि पांदीऐवजी डांबरी किंवा मुरमाची वाट निवडायला सांगा, लांब पडली तरी.

विहिरी, आड, बारव, शेततळी यांची यादी मुलाच्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी करा. बिनकठड्याचा आड वाटेजवळ असेल तर चालण्याचा धडा सुरू करण्याआधी सरपंचांकडं जा आणि तो झाकून किंवा कुंपण घालून घ्या. यात थोडीही सवलत नाही. मुलाला ती जागा तुमच्या कोपराला धरून, काठीनं काठ लावून, एकदा दाखवा. भीतीपेक्षा माहिती जास्त वाचवते.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडं जी गावं नव्यानं वसली, तिथं मला वेगळीच अडचण दिसली. जुन्या गावठाणात अरुंद बोळ, दगडी भिंती, प्रत्येक वळणाला वेगळी खूण. नव्या गावात रुंद सरळ रस्ते, सारख्या अंतरावर सारखी घरं. चालायला मोकळं, पण ओळखायला अवघड. तिथं खुणा आपण तयार करायच्या: घराच्या फाटकाला घुंगरू, कोपऱ्यावर तुळशीचा कट्टा, वळणावर कडेला मांडलेली विटांची ओळ. आणि घरं मोजायला शिकवायचं, 'देवळापासून उजव्या हाताला पाचवं'.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं तर दिवाळीनंतर सहा महिने वेगळ्याच फडात, वेगळ्याच कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. बीडकडच्या अशा घरातलं मूल शक्यतो गावीच, नातलगांकडं किंवा वसतिगृहात राहील याची खटपट करा. जावंच लागलं तर आईवडिलांना एवढं शिकवून पाठवा: कोपीचं दार रोज एकाच दिशेला, कोपीपासून पाण्याच्या ड्रमपर्यंत दोरी, आणि बैलगाड्या, ट्रॅक्टर जिथं वळतात ती जागा पहिल्याच दिवशी मुलाला दाखवायची.

रस्ता ओलांडणं मी वरच्या वर्गात, आणि तेही विशेष शिक्षक सोबत असतानाच शिकवतो. डांबराच्या कडेपासून एक पाऊल मागं उभं राहायचं, काठी समोर उभी, चेहरा सरळ. पूर्ण शांत होईपर्यंत ऐकायचं. एखादी गाडी गेली तरी तिचा आवाज विरेपर्यंत थांबायचं, कारण तिच्या आवाजामागं दुसरी दडलेली असते. बॅटरीवरच्या दुचाकी आणि उतारावर इंजिन बंद करून येणाऱ्या गाड्या ऐकू येत नाहीत, म्हणून हायवेवर एकट्यानं नाहीच; मदत मागायची. मदत कशी मागायची हेही शिकवायचं: "दादा, रस्ता ओलांडून द्याल का? मी तुमचा हात धरतो."

बाजार आणि एसटी स्टँड हा शेवटचा टप्पा. लातूरची गंजगोलाई डोळसांनाही चकवते. एका गोलातून सोळा रस्ते फुटतात, आणि गोलाला कोपराच नसल्यानं पाठ टेकवून नेम धरता येत नाही. मोठ्या मुलाला तिथं नेऊन मी एवढंच करून घेतो: ज्या रस्त्यानं आलो तिथली एक पक्की खूण, मग वर्तुळाची आतली कड डाव्या हाताला ठेवून फुटणारे रस्ते मोजायचे. स्टँडवर फलाट, चौकशीची खिडकी, पाण्याची टाकी हे तीन मुक्काम. एसटीची पायरी उंच असते. काठी उभी धरून पायरीची उंची मापायची, दुसऱ्या हातानं दांडा. दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. ओळखपत्र वरच्या खिशात, आणि तिकीट मुलानं स्वतः मागायचं.

घरची भीती, आणि शेवटची परीक्षा

"पडलं म्हणजे?" हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारला जातो, आणि तो खरा आहे. मी आईला सांगतो, पडेल. गुडघा फुटेल, हळद लावा. शेजारच्या घरातून ताक आणणं, दुकानातून काडेपेटी आणणं, अशी रोज एक खेप त्याच्या नावावर ठेवा आणि ती दुसऱ्या कोणाला करू देऊ नका. आठवड्यातून एकदा मी येणार. बाकीचे सहा दिवस तुमचे आहेत. वहीत तीन रकाने आखा: रस्ता कोणता, कुठं चुकलं, स्वतः कसं सावरलं. तिसरा रकाना मला सगळ्यात आधी बघायचा असतो.

रस्ता पक्का झाला का हे कळण्यासाठी मुलाला ओळखीच्याच भागात, पण कुठं ते न सांगता, नेऊन सोडा आणि ठरलेल्या जागी यायला सांगा. त्याला आधी 'मी कुठं आहे' हे खुणांवरून ओळखावं लागतं. तुम्ही वीसेक पावलं मागं राहा. बोलू नका, खोकू नका. चपला हातात घ्या, कारण तुमच्या चपलेचा आवाज त्याला चांगला ठाऊक असतो आणि तो मागं आहे एवढ्यावर मूल निर्धास्त होतं. धोका दिसला तरच 'थांब' म्हणा, आणि 'थांब' म्हटलं की जागीच थिजायचं हे आधीच पक्कं करून घेतलेलं असू द्या.

त्या चौथीतल्या मुलीची ही परीक्षा मी पाचवीत गेल्यावर घेतली. तिची आई माझ्याबरोबर होती, तिच्याही चपला हातात होत्या. पारापाशी मुलगी थांबली, टाळी वाजवली, पुन्हा वाजवली, देवळाच्या भिंतीकडं तोंड केलं आणि उलट्या दिशेला निघाली. आईनं माझा दंड घट्ट धरला, मी मान हलवून नको म्हटलं. दहा-बारा पावलांवर तिची काठी हौदाच्या काठाला लागली. ती वळली, हौदाला पाठ टेकवली, टाचा टेकवल्या आणि घराकडं चालू लागली.